प्रवेश मिळाला, पुढची वाट कोण दाखविणार?



बारावीचे निकाल लागले आणि महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या झळकल्या, की गोरेगावातील सिद्धार्थनगर, मोतीलालनगर, भगतसिंगनगर अशा वस्त्यांतून पेढे वाटले जातात. ज्या घरात आजोबांना सही करता येत नव्हती आणि वडील नववीतून कामाला लागले, त्या घरातील मुलगी बी.ए.ला किंवा बी.कॉम.ला बसते, ही गोष्ट लहान नाही. या आनंदात विरजण घालण्याची माझी इच्छा नाही. तथापि वकिलीच्या व्यवसायात कागदांची पिशवी घेऊन जे पालक माझ्याकडे येतात, ते प्रवेशाच्या वेळी येत नाहीत. ते दोन-अडीच वर्षांनी येतात. तोवर शिष्यवृत्तीचा अर्ज बाद झालेला असतो, पहिल्या वर्षाचे दोन विषय अजून सुटलेले नसतात आणि मुलगा एखाद्या दुकानात अथवा माल पोहोचविण्याच्या कामावर लागलेला असतो. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "वकीलसाहेब, आता काही करता येईल का?" पुष्कळ करता आले असते, पण ते वेळेवर, आणि सांगणारे कोणी असते तर.

म्हणून मी आपणांपुढे एक साधा प्रश्न ठेवतो. प्रवेश मिळाल्या दिवसापासून पदवी हाती पडेपर्यंत आपल्या मुलाला वाट कोण दाखवितो? माझे म्हणणे असे की, आज ते काम जवळजवळ कोणीही करीत नाही; ते करणे हे विद्यापीठाचे व महाविद्यालयाचे कर्तव्य आहे; आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे ही आपली, म्हणजे पालकांची व समाजाची, जबाबदारी आहे.

विद्यापीठाचा पसारा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या मुलखात त्याची शेकडो महाविद्यालये पसरलेली आहेत. गोरेगावचा विद्यार्थी शिकतो आपल्या गावातील, मालाडच्या किंवा अंधेरीच्या महाविद्यालयात. त्याची पदवी येते विद्यापीठाकडून. आणि काही अडले तर त्याला सांताक्रूझला उतरून कलिना येथे खेटे घालावे लागतात. महाविद्यालय म्हणते, विद्यापीठात विचारा. विद्यापीठ म्हणते, महाविद्यालयात विचारा. या दोन खिडक्यांमधील अंतर रेल्वेने अर्ध्या तासाचे आहे, परंतु पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते ओलांडण्यास कधी कधी वर्ष लागते.

एवढ्या मोठ्या यंत्रात एक चाक अडकले तर काय होते, ते २०१७ साली सर्वांनी पाहिले. उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची नवी पद्धत घाईने आणली गेली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढील प्रवेश हुकले, नोकऱ्या अडल्या. अखेर त्या वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या गोंधळात ज्यांच्या घरी ओळखीपाळखी होत्या, त्यांनी फोन केले, अर्ज लिहिले, वकील गाठले. ज्यांच्या घरी काहीच नव्हते, ते संकेतस्थळ उघडून बसून राहिले. यंत्र सर्वांसाठी एकच बिघडले होते. इजा मात्र सर्वांना सारखी झाली नाही.

निवडीचे स्वातंत्र्य आणि निवडीचे ओझे

२०२४-२५ या वर्षापासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. पूर्वी मुलगा "आर्ट्स घेतले" एवढे सांगून मोकळा होत असे. आता त्याला मुख्य विषय, त्याला जोडून दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, व्यवसाय-कौशल्याचा विषय, भाषेचा विषय अशी मांडणी समजून घ्यावी लागते. प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात, ज्यांना मुले क्रेडिट म्हणतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. ते श्रेयांक एका राष्ट्रीय खात्यात, बँकेतील ठेवीप्रमाणे, जमा व्हावयाचे असतात.

योजनेत वाईट काही नाही. इतिहास शिकणाऱ्या मुलीने सोबत अर्थशास्त्र शिकावे, हे चांगलेच. पण निवड ही ज्ञानावर उभी असते. जिच्या आईवडिलांनी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नाही, ती मुलगी दुय्यम विषय कशावरून निवडणार? बहुधा मैत्रिणीने जो घेतला तो, किंवा ज्या वर्गात जागा उरली तो. पुढे स्पर्धा परीक्षेला, शिक्षकी पेशाला किंवा पदव्युत्तर वर्गाला तो विषय उपयोगी पडणार की आड येणार, हे तिला तीन वर्षांनी कळते.

याच योजनेत आणखी एक दार आहे, आणि त्याविषयी मी आपणांस सावध करू इच्छितो. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळण्याची सोय, काही अटींवर, आहे. आजारपणाने किंवा संकटाने ज्याला थांबावे लागले, त्याचे वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू योग्य आहे. परंतु बाहेर पडण्याचे दार गरिबाच्या घराकडेच उघडते, हा आपला अनुभव आहे. श्रीमंताचा मुलगा नापास झाला तर त्याला शिकवणी लावली जाते. आपला मुलगा नापास झाला तर उद्या त्याला सांगितले जाईल की, "प्रमाणपत्र घे आणि कामाला लाग." पूर्वी अशा मुलाला गळती झाली असे म्हणत आणि त्याची निदान खंत तरी वाटत असे. आता त्याच्या हातात एक कागद देऊन ती खंतही मिटविता येईल. म्हणून माझी मागणी अशी की, कोणत्याही विद्यार्थ्याने या दारातून बाहेर पडण्यापूर्वी महाविद्यालयातील जबाबदार अध्यापकाने त्याच्याशी व त्याच्या पालकांशी प्रत्यक्ष बोलावे, परत येण्याची रीत व मुदत लेखी सांगावी, आणि अडचण पैशाची असेल तर ती तशी नोंदवावी.

सल्ला हीसुद्धा वारशाने मिळणारी इस्टेट आहे

सल्ला ही फार मोठी वस्तू आहे, असे पुष्कळांना वाटत नाही. कारण ज्यांच्याकडे ती असते, त्यांना ती फुकट मिळालेली असते. वडील प्राध्यापक, मामा बँकेत, आत्या शाळेत मुख्याध्यापिका अशा घरातील मुलाला जेवताना ताटावर जे कळते, ते आपल्या मुलाला कोणत्याही माहितीपुस्तकात सापडत नाही. कोणते सर टिपणे देतात, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज किती दिवसांत करावा, एटीकेटी म्हणजे उत्तीर्ण होणे नव्हे तर राहिलेल्या विषयाचे कर्ज डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात बसणे, आणि ते कर्ज वेळीच फेडले नाही तर तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर ते आडवे येऊ शकते, हे ज्ञान जमिनीसारखे आणि दागिन्यांसारखे पिढ्यान्‌पिढ्या एका घरातून त्याच घरात उतरते. आपल्या घरांत ते उतरले नाही, कारण ज्या पिढ्यांकडून ते उतरावयाचे, त्यांना शाळेच्या दारातच अडविले गेले होते.

डॉ. बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. शाळेत त्यांना संस्कृत हवे होते; अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. विषयनिवड कोणाच्या हाती असते, हे या एका गोष्टीवरून ध्यानी येते. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. केवळ गुणांवरून माणूस जोखणाऱ्या एखाद्या कारकुनाने त्या मुलाविषयी काय मत दिले असते? परंतु चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या त्या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले होते. केळुसकर गुरुजींनी त्यांना पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, आणि पुढे इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची मदत मिळवून देण्यासाठी खटपट केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. मुल्लर यांनी त्यांना पुस्तके आणि कपडेही दिले. अलौकिक बुद्धीच्या त्या विद्यार्थ्यालाही कोणीतरी विचारणारा, सुचविणारा, शब्द टाकणारा लागला.

यातून बोध काय घ्यावा? केळुसकर गुरुजी भेटले हा योग होता. विद्यापीठ योगावर चालविता येत नाही. एका बागेत एका शिक्षकाने जे आपणहून केले, ते प्रत्येक महाविद्यालयात नियमाने झाले पाहिजे.

बाबासाहेबांनी स्वतः हा प्रश्न पुढे संस्थेच्या पातळीवर नेला. १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी साक्षीत त्यांनी, केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या कल्पनेवर टीका केली आणि अध्यापन हेच विद्यापीठाचे खरे कार्य असल्याचे प्रतिपादन केले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. शंभर वर्षांपूर्वीची त्यांची ती टीका आजही किती लागू पडते, हे ज्याचा मुलगा आज महाविद्यालयात आहे, त्याने स्वतःच ठरवावे.

"आरक्षण दिले, आणखी काय हवे?"

हा प्रश्न आपणांस पदोपदी ऐकू येतो. याला उत्तर देताना रागावण्याचे कारण नाही. उत्तर सरळ आहे. आरक्षणाने दार उघडते. शिष्यवृत्तीने पोटाला व फीला आधार मिळतो. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. परंतु आत शिरलेल्या माणसाला जिना कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर तो अंगणातच उभा राहील, आणि बाहेरचे लोक म्हणतील, "पाहा, दार उघडूनही तो वर चढला नाही!" न दाखविलेल्या वाटेचा दोष वाटसरूच्या माथी मारणे हा जुनाच अन्याय आहे, त्याने फक्त कपडे बदलले आहेत.

दुसरा आक्षेप असा की, हुशार मुलगा आपोआप मार्ग काढतो. अमेरिकेतील एका मोठ्या सरकारी विद्यापीठाने हा समज खोटा ठरविला आहे. अटलांटा शहरातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २००३ साली शंभरातील सुमारे ३२ विद्यार्थीच पदवीपर्यंत पोहोचत. तेथे कृष्णवर्णीय व गरीब घरांतील मुलांची संख्या मोठी आहे. २०१२ पासून त्या विद्यापीठाने सल्लागारांची संख्या वाढविली आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाटचालीतील सुमारे ८०० धोक्याच्या खुणा संगणकावर रोज तपासण्यास आरंभ केला. चुकीचा विषय घेतला, मुख्य विषयाच्या पहिल्याच परीक्षेत कमी गुण पडले, अशी खूण दिसताच सल्लागार विद्यार्थ्याला बोलावून घेतो. विद्यार्थ्याने दार ठोठावण्याची वाट पाहिली जात नाही. ज्यांचे शिक्षण किरकोळ थकबाकीमुळे थांबणार, अशांना लहान रकमांची मदत देण्याची प्रथा २०११ मध्येच सुरू झाली होती. पदवी मिळविणाऱ्यांचे प्रमाण पुढे शेकडा ५० च्या वर गेले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी इतरांच्या मागे राहिले नाहीत. मुले तशीच होती, त्यांची घरेही तशीच होती; विद्यापीठाने आपली वागणूक बदलली.

कायदा काय देतो

आता जे हक्क कागदावर आहेत, ते आपण जाणून घ्यावेत. कारण हक्क माहीत नसणे आणि हक्क नसणे यांत व्यवहारात फरक पडत नाही.

पहिला हक्क तक्रारीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी निवारण समिती असणे आवश्यक केले गेले. तिच्यात अनुसूचित जाती, जमाती अथवा मागासवर्गातील व्यक्तीला आणि स्त्रीला स्थान देण्याची तरतूद आहे. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यावयाचा. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. शिष्यवृत्ती मिळण्यास होणारा विलंब आणि कागदपत्रे अडवून ठेवणे हे दोन्ही या विनियमांनुसार तक्रारीचे विषय आहेत. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाने ठेवून घेऊ नयेत, असे आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावले होते.

दुसरा हक्क उत्तरपत्रिका पाहण्याचा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला.

तिसरा हक्क भेदभावाविरुद्धचा. २०१२ च्या विनियमांनी प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे प्राण गेले, तेव्हा अशा कक्षांचे अस्तित्व किती जणांना जाणवले होते? या दोघांच्या मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, यातच काय ते आले.

शिष्यवृत्तीविषयी एक व्यावहारिक गोष्ट. केंद्राचा ६० टक्के हिस्सा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. त्यातील एक भाग महाविद्यालयाच्या फीचा असतो. हे न सांगितल्यामुळे कित्येक घरांत ती रक्कम औषधाला किंवा भाड्याला खर्ची पडते आणि परीक्षेच्या तोंडावर थकबाकीची नोटीस येते. त्या आईने उधळपट्टी केलेली नसते. तिला कोणी समजावून सांगितलेले नसते.

आणि आपल्या बौद्ध कुटुंबांसाठी एक विशेष सूचना. धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून आणि केंद्राच्या १९९० च्या दुरुस्तीपासून मिळतात. दोहोंसाठी दाखल्याचे नमुने मात्र निराळे आहेत. केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेळेवर काढून न ठेवल्याने हातची संधी गेलेली मी पाहिली आहे. मूल अकरावीत असतानाच हे काम उरकावे.

आपण काय मागावे आणि काय करावे

मागणी चार गोष्टींची करावी. एक, प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या सल्लागार अध्यापकाचे नाव लेखी मिळावे. आयोगाने २०१९ साली "दीक्षारंभ" नावाचा जो कार्यक्रम महाविद्यालयांना सुचविला, त्यात नव्या विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येक गटामागे एक मार्गदर्शक अध्यापक असावा अशी कल्पना आहे. दीक्षेचा अर्थ आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाही. दीक्षा एका दिवसाची असते आणि आचरण जन्मभराचे. महाविद्यालयांनीही पहिल्या आठवड्याच्या समारंभावर थांबू नये. दोन, पहिल्या सत्राच्या पहिल्या चाचणीत जो मागे पडला, त्याला निकालाची वाट न पाहता बोलावून घ्यावे. तीन, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजीचा वर्ग पहिल्या महिन्यातच सुरू व्हावा. चार, अध्यापकांच्या रिकाम्या जागा भरल्या जाव्यात. तासिका तत्त्वावर तीन ठिकाणी धावणाऱ्या अध्यापकाकडून सल्ल्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित विशेष काळजीपूर्वक जपण्याचे दायित्व राज्यावर टाकले आहे. या चार गोष्टी त्या काळजीचाच भाग होत.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत मुलांची वर्षे थांबत नाहीत. गोरेगावात आज आपल्यातील पदवीधर आहेत. शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका, अभियंते, वकील आहेत. प्रत्येक विहारात आठवड्यातील एक सायंकाळ यासाठी राखून ठेवावी. दोन पदवीधरांनी तेथे बसावे. भिंतीवर एक तक्ता लावावा : शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, परीक्षेच्या अर्जाची मुदत, पुनर्मूल्यांकनाची मुदत. वस्तीतील महाविद्यालयीन मुलामुलींची एक वही ठेवावी, आणि ज्याचे नाव दोन महिने वहीत आले नाही, त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी. यासाठी देणगी लागत नाही, परवानगी लागत नाही. आपण वर्षातून दोन वेळा ज्या उत्साहाने मिरवणूक काढतो, त्याचा दहावा हिस्सा पुरेल.

पालकांनो, आपण शिकलेले नाही म्हणून महाविद्यालयाच्या कचेरीत जाण्यास संकोच करू नका. आपल्या मुलाचा सल्लागार अध्यापक कोण, एवढेच विचारा. नाव सांगता आले नाही तर तो प्रश्न कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. असे शंभर कागद एका महाविद्यालयात जमले, तर पुढच्या वर्षी ते नाव सूचनाफलकावर लागलेले आपणांस दिसेल.